पुतळीपासून टिकलीपर्यंत

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत प्रत्येक सभासद भगिनीने आपल्याला जे येते त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे कार्यकारिणीत ठरले. कोणी लोणच्यांवर लिहायला घेतले, कोणी ओव्यांवर, कोणी काशीयात्रेवर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मला कसला लेख लिहिता येणार?" त्यावर आपल्या चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "अहो, ज्या टिकल्या लावता लावता तुमचे निम्मे आयुष्य गेले, त्यांच्यावरच लिहा की!"

त्या थट्टेने म्हणाल्या, पण मला ते लागले. खरेच, गेली तीस-बत्तीस वर्षे मी सुईने टिकल्या लावीत आले. पण ही टिकली आली कुठून, तिला कोणी जन्म दिला, हे मनात कधी आलेच नव्हते. मग वाचनालयात जाऊन बसले, जाणत्यांना विचारले, इंग्रजीतले होते ते मुलीकडून वाचून घेतले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहे. विद्वानांनी हसू नये आणि भगिनींनी गोड मानून घ्यावे.

प्रथम हे सांगते की, ही कपाळावरची टिकली नव्हे. कापडावर शिवतात ती, मध्ये बारीक भोक असलेली, चमचम करणारी चकती. हिला कोणी चमकी म्हणते, कोणी चांदणी म्हणते. जरीच्या कामातले कारागीर सितारा म्हणतात. चांदणी आणि सितारा, दोन्ही नावे आकाशातली आहेत. पण तिचे इंग्रजी नाव 'सीक्विन' हे मात्र आकाशातून आलेले नाही, ते बाजारातून आले आहे. त्याची हकिकत मोठी मौजेची आहे.

इटलीत व्हेनिस नावाचे शहर आहे. पूर्वी ते एक स्वतंत्र व्यापारी राज्य होते. तेथे १२८४ साली सोन्याचे एक नाणे पाडण्यास सुरुवात झाली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शंभर नंबरी. व्हेनिसच्या टांकसाळीला 'झेक्का' म्हणत, म्हणून पुढे या नाण्याला 'झेक्किनो' हे नाव पडले. आता हा झेक्का शब्द तरी त्यांना कोठून मिळाला? तर अरबीतील 'सिक्का' या शब्दावरून. सिक्का म्हणजे नाणे पाडण्याचा ठसा. तोच शब्द आपल्याकडे येऊन 'शिक्का' झाला. म्हणजे पाहा, आपण कागदावर मारतो तो शिक्का आणि चोळीवर लावतो ती सीक्विन, या दोघी एका आजीच्या नाती! झेक्किनोचे फ्रेंचांनी सीक्विन केले, तेथून ते इंग्रजीत गेले.

आणखी एक नाते आहे, आणि ते आपल्या अगदी गळ्याशी आहे. व्हेनिसचे हे नाणे व्यापाराबरोबर तांबड्या समुद्रावरून हिंदुस्थानात येई. मिरी, मसाले, कापड न्यावयाचे आणि त्याचे मोल सोन्यात द्यावयाचे. सुरत, गोवे, कालिकत, सगळीकडे हे नाणे चाले, कारण त्याच्या कसाबद्दल कोणाला शंका नसे. त्याच्या एका बाजूस एक साधुपुरुष आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूस चांदण्यांनी वेढलेला येशू ख्रिस्त. आपल्या लोकांना त्या परक्या देवमाणसांशी काय कर्तव्य? त्यांना त्यावर बाहुल्या दिसल्या, म्हणून त्यांनी नाव दिले 'पुतळी'. खाली दक्षिणेत तर त्या काठीला लोकांनी ताडाचे झाड समजले आणि त्यावर चढणारा ताडी काढणारा शाणार कल्पून नाण्याला 'शाणार कासू' म्हणू लागले. ज्याच्या डोळ्यांपुढे जे, तेच त्याला नाण्यावर दिसले.

भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ ती हीच. नाणी हाती आली, पण बायकांनी ती खर्चण्याऐवजी ओवली. घरावर वेळ आली तर एकेक पुतळी सोडवून मोडता येई. पुढे खरी नाणी मिळेनाशी झाली. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे राज्यच बुडविले. पण आपल्या सोनारांनी पातळ पत्र्यावर ठसा मारून पुतळ्या घडविणे सुरूच ठेवले आणि आजही एक ग्रॅम सोन्यातसुद्धा पुतळ्यांची माळ मिळते. तिकडे युरोपातही तेच झाले. नाणे गेले, पण कापडावर शिवावयाच्या चकाकत्या चकतीला त्याचे नाव चिकटून राहिले. नाणे मेले, पण एक लेक इकडे पुतळी होऊन राहिली आणि एक तिकडे टिकली होऊन.

पैसा अंगावर शिवून घ्यावयाची ही चाल फार जुनी आहे. ज्यांचे घर पाठीवर असते त्यांना तिजोरी कसली? आपल्याकडे यवतमाळ, वाशिम, नांदेड या बाजूंच्या तांड्यांतील बंजारा स्त्रिया पाहाव्यात. त्यांच्या पारंपरिक चोळीवर आणि ओढणीवर आरसे, कवड्या आणि नाणी लावलेली असतात. एकेका पोशाखाला कित्येक महिने लागतात. आपण त्याला नटवेपणा म्हणतो. पण ती त्यांची बचतही होती आणि कलाही होती.

नाणे बाजूला ठेवून नुसती चकती पाहू लागलो तर ती याहूनही प्राचीन आहे. इजिप्त देशात तुतनखामेन नावाचा राजा ऐन तारुण्यात वारला, त्याला आता तेहतीसशेहून अधिक वर्षे झाली. त्याचे थडगे हॉवर्ड कार्टर या संशोधकाला १९२२ च्या नोव्हेंबरात सापडले. आत राजाची वस्त्रे होती. तागाच्या सुताचे कापड विरून गेले होते, हात लावला तर भुगा व्हावा असे. पण त्यावर शिवलेल्या सोन्याच्या चकत्या मात्र तशाच. कापड गेले आणि टिकली राहिली! याचे उलट आपल्या घरात घडते. कापड धड असते आणि टिकल्या मोरीत गेलेल्या असतात.

धातूची टिकली हाताने कशी करीत ते सांगते, कारण ते मला फार आवडले. चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली तार घ्यावयाची आणि बारीक सळीवर दाट गुंडाळावयाची, जणू स्प्रिंगच. मग ती सळीवरून काढून कात्रीने एकेक वेढा तोडावयाचा. अशा सुट्या कड्या झाल्या, की एकेक कडी ऐरणीवर ठेवून हातोडीचा एकच ठोका द्यावयाचा. कडी चपटी होते आणि मध्ये भोक आपोआप राहते. जुन्या जरीच्या कपड्यावरील टिकली भिंगाखाली पाहिली तर तिच्या कडेला एक बारीक चीर दिसते. ती चीर म्हणजे त्या तोडलेल्या कडीची खूण. चीर दिसली, की समजावे ही हातची. अशा हजारो टिकल्या म्हणजे हजारो ठोके. लिओनार्दो दा व्हिंची हा इटलीतील थोर चित्रकार; त्यानेसुद्धा पंधराव्या शतकाच्या अखेरीस टिकल्या पाडण्याच्या यंत्राचे चित्र काढून ठेवले होते. मोनालिसा रंगविणाऱ्या माणसाला टिकलीचा विचार करण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

इंग्लंडमध्ये एका श्रीमंत बाईचे जाकीट लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवले आहे. बाईचे नाव मार्गारेट लेटन. साधारण १६१० ते १६१५ या काळातले ते जाकीट. तागाच्या कापडावर रंगीत रेशमाने फुले-पक्षी भरलेले आणि मधूनमधून चांदीच्या मुलाम्याच्या टिकल्या. त्याच जाकिटातील तिची तसबीरही तेथेच आहे. जाकीट ज्यांनी भरले त्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. त्याकडे पुन्हा येईन.

आपल्या देशात जरीचे काम पूर्वापार चालत आले. सुरतेची जर, बनारसचे शालू, येवले-पैठणची पैठणी यांची नावे कोणाला सांगावयास नकोत. जरदोजी कामात कलाबतू, सलमा, कटोरी, टिक्की, सितारा असा मोठा परिवार असतो. सलमा म्हणजे बारीक गुंडाळलेली तार, कटोरी म्हणजे वाटीसारखी खोलगट टिकली. पूर्वी हे सर्व खऱ्या चांदीचे असे. म्हणून फाटका शालूसुद्धा टाकवत नसे. जर विकत घेणारे लोक दारावर येत. ते कापड जाळून त्यातील चांदी गाळून काढीत. माझ्या आजीने आपला लग्नातला शालू असाच दिला. त्या दिवशी ती जेवली नाही, असे आई सांगे. शालूचे पैसे आले आणि मामाची फी भरली गेली.

निसर्गाकडून टिकली घेण्याची युक्तीही आपल्या लोकांकडे होती. हिरव्यागार चमकणाऱ्या भुंग्याच्या पाठीवरील कवच कापून कापडावर शिवीत. रंग सहसा उतरत नाही. एकोणिसाव्या शतकात अशी मलमल येथून परदेशात जाई. लंडनच्या प्रख्यात नटी एलेन टेरी यांनी १८८८ साली लेडी मॅकबेथची भूमिका केली, तेव्हा त्यांच्या झग्यावर सुमारे एक हजार भुंग्यांची पंखकवचे होती. सार्जंट या चित्रकाराने त्या वेषातील त्यांचे चित्र काढले आणि तो झगा अजून इंग्लंडात जतन केलेला आहे. पुढे १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय कर्झन यांच्या पत्नीने मोरपिसांचा झगा घातला. त्याचे जरीकाम दिल्लीच्या कारागिरांनी केले, झगा शिवला पॅरिसला, आणि प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात असेच एक हिरवे कवच. वजन म्हणे साडेचार किलोच्या आसपास! बाईसाहेब दरबारात चालल्या कशा असतील, याचेच मला नवल वाटते.

टिकली लावण्याची आरीसुद्धा मूळची आपल्याकडची. कच्छ-सौराष्ट्रातील मोची लोक चामड्यावर ज्या आकड्याच्या सुईने टाके घालीत, तीच पुढे रेशमावर आली. अठराव्या शतकात ही पद्धत युरोपात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या ल्युनेव्हिल गावातील बायका कापड चौकटीवर ताणून, उलट्या बाजूने, ओवलेल्या टिकल्या आरीने पटापट लावू लागल्या. पॅरिसच्या झग्यांचा झगमगाट वाढला तो या बायकांच्या बोटांमुळे.

तुतनखामेनचे थडगे सापडल्यावर तर टिकल्यांची लाटच आली. त्या काळी युरोप-अमेरिकेतील तरुण मुलींनी लांब झगे टाकून आखूड, सैल झगे घातले होते आणि त्या नवीन नाचाच्या मागे लागल्या होत्या. टिकलीला नाचच हवा असतो. याचे कारण असे की, प्रत्येक टिकली हा एक चिमुकला आरसा असतो आणि दोराने शिवलेला असल्याने तो जरासा तिरपा राहतो, कोणी इकडे, कोणी तिकडे. अंग हलले की एक विझते आणि दुसरी पेटते. उभ्या बाईच्या अंगावर ती नुसती टिकली असते. चालत्या बाईच्या अंगावर तिची चांदणी होते.

पण धातूच्या टिकल्यांचा झगा जड. म्हणून १९३० च्या सुमारास जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे-कातडी उकळून काढलेला डिंकासारखा पदार्थ. टिकल्या हलक्या झाल्या, स्वस्तही झाल्या. पण एक खोड राहिली. पाणी लागले किंवा ऊब लागली की विरघळत! पावसात सापडलेल्या बाईचा झगा वाटेतच गळून जाई. नाचताना जोडीदाराचा घामेजलेला हात पाठीवर राहिला, तर तेथे पाच बोटांचा ठसा उमटे, असे सांगतात. आमच्या शेजारच्या काकू हे ऐकून म्हणाल्या, "बरेच झाले, सासूला घरी बसून कळत असेल!"

मग त्याच दशकात अमेरिकेत आणखी एक युक्ती निघाली, आणि येथे टिकलीची गाठ छायाचित्राशी पडते. हर्बर्ट लिबरमन नावाचे एक गृहस्थ टिकल्यांचा धंदा करीत. फोटोची फिल्म बनविणाऱ्या ईस्टमन कोडॅक कंपनीबरोबर त्यांनी काम केले आणि ज्या ॲसिटेटची फिल्म बनते त्याच्याच टिकल्या काढल्या. पाण्याने विरघळत नसत, पण ठिसूळ होत्या. १९५० नंतर मायलर नावाच्या चिवट प्लास्टिकचे आवरण आले, त्याने टिकली धुण्यास टिकाऊ झाली. पुढे सर्व कारभार प्लास्टिकचाच झाला. पण ते ॲसिटेटचे दिवस मला विसरवत नाहीत. एकाच तावातून एक तुकडा कॅमेऱ्यात जावयाचा आणि एक तुकडा बाईच्या पदरावर, आणि दोघांची गाठ पडावयाची ती फोटोत!

काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या काळात टिकलीला फार मान होता. पडद्यावर रंग दिसत नाही; लाल साडी आणि हिरवी साडी, दोन्ही करड्या. दिसतो तो फक्त उजेड. म्हणून नटीला उठून दिसावयाचे असेल तर रंग नव्हे, चकाकी हवी. हॉलिवूडने हे ओळखले, तसे आपल्याकडील पोशाख करणाऱ्यांनीही ओळखले.

माणसाला चकाकीची ओढ का असावी, याचाही शोध लोकांनी घेतला आहे. २०१४ साली बेल्जियम व अमेरिकेतील अभ्यासकांनी प्रयोग केले. तहानलेल्या माणसांना गुळगुळीत, चमकदार वस्तू अधिक आवडतात, असे त्यांना दिसले. त्यांचे म्हणणे असे की, ही ओढ मुळात पाण्याची आहे. लांबून जे चमकते ते पाणी, आणि पाणी म्हणजे जीव. पटो न पटो, पण उन्हात चमकणारी नदी पाहून आपल्याला बरे वाटते, हे तर खरेच ना?

आता थोडे घरचे सांगते. त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आम्ही पेठेतल्या एका वाड्यात एका खोलीत राहत होतो. वडिलांची नोकरी सुटली आणि आईने टिकल्या लावण्याचे काम घरी आणण्यास सुरुवात केली. एका व्यापाऱ्याचा माणूस दर शनिवारी ब्लाऊजपीस आणि साड्यांचे काठ आणून टाकी. त्यावर खाक्याने नक्षी उठविलेली असे. टोचलेल्या कागदावरून रॉकेलात कालवलेली पांढरी पूड फिरवली, की खाली ठिपक्या-ठिपक्यांची वेल उमटते. टिकल्या पुडीत वजन करून येत. काम परत देताना उरलेल्या टिकल्या पुन्हा वजन करून घेत आणि काही कमी भरले तर मजुरीतून कापीत.

रात्री चाळीसच्या दिव्याखाली आई बसे. बारीक सुई, एक टिकली, तिच्यावर एक काचमणी, पुन्हा सुई त्याच भोकातून खाली. मणी टिकलीला धरून ठेवतो, दोरा दिसत नाही. आम्ही भावंडे फरशीवर सांडलेल्या टिकल्या ओल्या बोटाने टिपून वाटीत टाकीत असू. फरशीच्या फटीतली टिकली काढण्यासाठी केरसुणीची काडी लागे. मी सातवी झाले तेव्हा आईच्या डोळ्यांना दोरा ओवता येईना. धाकटे भाऊ शिकत होते. माझी शाळा तेथेच थांबली. वर्गाच्या बाई घरी येऊन आईला सांगून गेल्या, आईने मान खाली घातली. मी तिला कधी दोष दिला नाही. पण शाळेच्या घंटेचा आवाज खोलीत ऐकू येई, आणि त्या वेळी मी सुईकडे जास्त लक्ष देत असे, एवढे आठवते.

एका दिवाळीला त्या माणसाने सांगितले, की जवळजवळ निम्मी पुडी कमी भरते. टिकल्या तुम्ही घरात ठेवल्या. साऱ्या महिन्याची मजुरी त्याने कापली. आम्ही खोलीतली फरशी न् फरशी झाडली, सतरंज्या झटकल्या. सगळ्या मिळून चिमूटभर निघाल्या. आई काही बोलली नाही. पण पुढच्या शनिवारी पुडी आल्याबरोबर तिने मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेले आणि त्याच्या तराजूत पुडी घातली. लिहिले होते त्यापेक्षा ती बरीच कमी भरली! पुडीच कमी येत होती. आई मला म्हणाली, "लिही." मी वहीच्या पानावर तारीख, पुडीवरचे वजन, खरे वजन, असे लिहिले आणि वाण्याने खाली सही केली. ते पान काम परत देताना आईने त्या माणसाच्या हातात ठेवले. तो काही बोलला नाही. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण त्यानंतर पुडी कधी कमी आली नाही आणि मजुरीही कापली गेली नाही. वाड्यातील आणखी चार बायका तेच काम करीत. त्याही आपल्या पुड्या घेऊन वाण्याकडे जाऊ लागल्या आणि सगळ्यांची पाने मी लिहू लागले. माझ्या सातवीचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारले तर मी हे सांगते.

आईने शेकडो बायकांच्या अंगावर चांदण्या लावल्या, पण स्वतःसाठी एकदाच. मावशीच्या लग्नाला तिने बोहरी आळीतून आपल्या पैशाने टिकल्या आणल्या आणि काळ्या मखमलीची चोळी स्वतः भरली. कोणी चोरीच्या म्हणू नये म्हणून दुकानाची पावती ट्रंकेत जपून ठेवली. लग्नात फोटोग्राफरने तिचा एकटीचा फोटो काढला. फोटो आला तेव्हा सगळ्यांची निराशा झाली. चोळी लखलखत होती आणि चेहरा काळोखात. हे का झाले ते मला अलीकडे कळले. फ्लॅशला एक डोळा असतो. समोरून उजेड परत आला की 'पुरे झाले' असे समजून तो दिवा मिटतो. टिकल्यांनी सारा उजेड एकदम परत फेकला, फ्लॅश लवकर विझला आणि बिचाऱ्या चेहऱ्यापर्यंत उजेड पोहोचलाच नाही.

म्हणून भगिनींना सांगणे, टिकल्यांच्या कपड्यात फोटो काढावयाचा तर फ्लॅश समोरून मारू देऊ नये; खिडकीशी तिरपे उभे राहावे, उजेड बाजूने येऊ द्यावा, आणि अंग थोडे वळवून बघावे, कोठे तरी चांदणी पेटते. तसेच, असा कपडा उलटा करून गार पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, सावलीत आडवा पसरावा. इस्त्री टिकलीवर कधी फिरवू नये. प्लास्टिक वितळते आणि इस्त्रीही जाते. ठेवताना मलमलीच्या फडक्यात गुंडाळावा, घडीच्या जागी टिकल्या मोडतात.

आजच्या टिकल्या पाहिल्या तर मुलांच्या शर्टावर हात फिरवला की रंग पालटणाऱ्या उलट्या-सुलट्या टिकल्या आल्या आहेत, गंमत वाटते. आपल्या रुखवतात, बाशिंगात, गौरीच्या मखरात, बाळाच्या कुंचीवर टिकली आहेच. पण एक काळजीही आहे. प्लास्टिकची टिकली कुजत नाही. धुताना गळते, मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जाते. २०२३ सालापासून युरोपातील देशांनी प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंधन घातले आहे. लाकडाच्या लगद्यापासून टिकली करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. तोवर आपण एवढे करू शकतो: जुन्या कपड्यावरील टिकल्या टाकून न देता उसवून बरणीत ठेवाव्यात. माझ्याकडे अशा तीन बरण्या आहेत, कोणालाही केव्हाही मिळतील.

२०२३ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या दिओर कंपनीने आपल्या पोशाखांचा समारंभ मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापुढे केला, कारण त्यांचे भरतकाम मुंबईच्या कारखान्यांत होते. हे वाचून मला आनंद झाला. पूर्वी पॅरिसचे झगे आपले कारागीर भरीत आणि त्याचा कोठे उच्चारही नसे. जरीच्या कारखान्यांत लहान मुले बसवीत, तेही आपण मुंबईत पाहिले आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास, घरचा व्यवसाय असे काही अपवाद सोडून, बंदी झाली. कायदा झाला, तरी पाहणारे डोळे आपलेच हवेत.

आता मार्गारेट लेटनबाईंच्या जाकिटाकडे येते. चारशे वर्षे जाकीट राहिले, घालणारीचे नाव राहिले, भरणारीचे गेले. आपल्या रौप्यमहोत्सवात मुली नाच करणार आहेत. त्यांच्या पोशाखांवर आपल्यापैकी नऊ जणींनी दोन आठवडे रात्री बसून टिकल्या लावल्या. माझी विनंती आहे की, नाच सुरू होण्यापूर्वी त्या नऊ जणींची नावे व्यासपीठावरून वाचावीत. एक मिनिट लागेल. अध्यक्षबाईंनी यास होकार दिला आहे, त्यांचे आभार.

शेवटी एक सांगून पुरे करते. हा लेख लिहिण्यासाठी जुनी ट्रंक उघडली, तेव्हा बोहरी आळीच्या त्या पावतीबरोबर एका पाकिटात आईच्या फोटोची निगेटिव्ह सापडली. मुलीने ती स्टुडिओतून संगणकावर उतरवून आणली आणि घरी बसून काळोखाचा भाग हळूहळू उजळला. चोळीच्या वर, इतकी वर्षे जेथे नुसता अंधार होता, तेथे आईचा चेहरा दिसू लागला. ती हसत होती. आई जाऊन अकरा वर्षे झाली. त्या फोटोत ती हसते आहे हे मला ठाऊकच नव्हते.

तो फोटो मी मंडळाच्या प्रदर्शनात ठेवणार आहे. खाली आईचे नाव लिहीन आणि त्यापुढे 'चोळी हिनेच भरली' एवढेच लिहीन.

चूकभूल द्यावी घ्यावी. आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव पाहण्याचे भाग्य सर्व भगिनींना लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.